फेज वन ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी: पसरलेल्या स्तनकर्करोगात एकत्र औषधांची चाचणी, पहिल्या फाइलपासून शेवटच्या स्कॅनपर्यंत

‘ताई, एक ट्रायल चालू आहे. नवीन गोळी आहे, नेहमीच्या औषधाच्या जोडीनं द्यायची. बघायचं का?’ ओपीडीच्या गर्दीत हे दोन मिनिटांत बोलून होतं. मग हातात तीस-चाळीस पानांचं संमतीपत्र येतं आणि घरी गेल्यावर एकच विषय: घ्यायचं की नाही? माझं काम या दोन मिनिटांनंतर सुरू होतं. रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून मी संमतीपत्र समजावून सांगते, तपासण्यांच्या तारखा लावते, रात्री-अपरात्री येणारे फोन घेते. बहुतेक घरांचा प्रश्न असतो, ‘यानं आजार आटोक्यात येईल ना?’ फेज वन ट्रायलचा प्रश्न वेगळा असतो: ‘ही औषधं एकत्र दिली तर किती डोसपर्यंत सोसतात?’ आजार किती हटतो याची नोंद होते, पण ट्रायल आखलेली असते ती डोस आणि सुरक्षितता ठरवायला. म्हणून जाऊ नका, असं मी म्हणत नाही. काही जणींसाठी तो त्या घडीचा सगळ्यात चांगला मार्ग असतो. पण जायचं तर हे माहीत असताना जायचं.

आधी फाइल लावा

आजार हाडांत, लिव्हरमध्ये, फुप्फुसांत किंवा मेंदूपर्यंत पोचला असेल तर त्याला पसरलेला किंवा चौथ्या स्टेजचा म्हणतात. पण ट्रायलच्या दृष्टीनं स्टेजइतकाच गाठीचा प्रकार महत्त्वाचा: हॉर्मोन पॉझिटिव्ह (हॉर्मोनवर वाढणारी), हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त असलेली) की ट्रिपल निगेटिव्ह (यांतलं काहीच नसलेली). पहिल्या ऑपरेशनचा रिपोर्ट पाच-सात वर्षांपूर्वीचा असेल तर त्यावर विसंबू नका. पसरलेल्या जागेतल्या पेशींचे रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन किंवा हर-टूच्या खुणा, मूळ गाठीपेक्षा बदललेले असू शकतात, म्हणून शक्य असेल तिथे नवी बायोप्सी घेतात. हॉर्मोन पॉझिटिव्ह आजारात पीआयके३सीए या जनुकातला बदल तपासला आहे का, तेही विचारा. असा बदल साधारण चाळीस टक्के रुग्णांच्या गाठीत सापडतो आणि त्यावर बेतलेली औषधं आता आहेत.

ट्रायलवाले बायोप्सीच्या काचेच्या स्लाइडबरोबर ब्लॉकही मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे अर्ज केला की मिळतो. तो उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळलं तर तुकडा वाया जाऊ शकतो. सोबत केलेल्या सगळ्या केमो, हॉर्मोनच्या गोळ्या, रेडिएशन यांची एका कागदावर तारीखवार यादी करा: काय, कधीपासून कधीपर्यंत, का थांबवलं. ही यादी नसली की स्क्रीनिंगचा, म्हणजे प्रवेशाआधीच्या तपासण्यांचा, निम्मा वेळ फोनाफोनीत जातो.

मग डॉक्टरांना एक प्रश्न थेट विचारायचा: ‘ट्रायल घेतली नाही, तर माझ्यासाठी अजून कोणतं मान्यताप्राप्त औषध शिल्लक आहे?’ उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर हिशेब वेगळा. ‘दोन लाइन (म्हणजे उपचारांचे दोन टप्पे) बाकी आहेत’ असेल तर वेगळा. न परवडणं आणि उपाय संपणं यांत आपल्याकडे फार गल्लत होते. पाल्बोसिक्लिब या हॉर्मोन पॉझिटिव्ह आजारातल्या गोळीचंच बघा. भारतात त्याचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. त्याआधी कुणी ‘आवाक्याबाहेर’ म्हणून सोडून दिलं असेल तर आज पुन्हा चौकशी करायला हवी. नुसतं फुकट मिळतंय म्हणून फेज वनमध्ये जाणं मला पटत नाही.

ट्रायलची नोंद शोधा

भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, इथे असावी लागते. ही रजिस्ट्री आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद चालवते. ती २००७ मध्ये सुरू झाली, नोंद २००९ पासून सक्तीची झाली, आणि आता पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. नंबर ‘सीटीआरआय’, मग वर्ष, महिना आणि क्रमांक असा असतो. तो संमतीपत्रावर दिसला नाही तर मागून घ्या. वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. इंग्रजी जड वाटलं तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवा आणि चार गोष्टी शोधायला सांगा: फेज कोणती, किती रुग्ण घेणार, कोणकोणत्या शहरांत चालू आहे, स्पॉन्सर (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) कोण. मुंबई, नवी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांपैकी तुमच्या जवळचं केंद्र यादीत असेल तर महिन्याचा प्रवास वाचतो.

जोडीतलं जुनं कोण, नवं कोण

या भागावर वेळ घालवा. एकत्र औषधांची चाचणी दोन तऱ्हेची असते. एकीत एक औषध आधीच मान्य झालेलं, डोस ठरलेला, आणि त्याच्या जोडीला नवं औषध हळूहळू वाढवत नेतात. दुसरीत दोन्ही नवी असतात. पहिल्या प्रकारात निदान अर्धा भाग ओळखीचा असतो.

मुळात जोडी कशाला? एका औषधानं पेशीचा एक रस्ता अडवला की ती दुसरा शोधते. हॉर्मोन पॉझिटिव्ह गाठीला लेट्रोझोल दिलं की इस्ट्रोजेनची रसद तुटते. पाल्बोसिक्लिब सीडीके ४ आणि ६ ही प्रथिनं अडवून पेशीचं विभाजन थांबवतं. पाल्बोसिक्लिब आणि लेट्रोझोलची जोडी आधी फक्त १२ रुग्णांत तपासली गेली. तिथून डोस ठरला तो पाल्बोसिक्लिब १२५ मिलिग्रॅम, तीन आठवडे गोळी आणि एक आठवडा सुट्टी. ती सुट्टी उगाच नाही. हे औषध पांढऱ्या पेशी खाली आणतं आणि त्या भरून यायला तो आठवडा लागतो. पुढे पालोमा-१ या फेज टू चाचणीत १६५ रुग्ण होते. नुसत्या लेट्रोझोलवर आजार सरासरी १०.२ महिने थांबला, जोडीवर २०.२ महिने. पण पांढऱ्या पेशी गंभीर पातळीवर उतरण्याचं प्रमाण जोडीत ५४ टक्के होतं, एकट्या लेट्रोझोलवर १ टक्का. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं) या जोडीला तातडीची मान्यता दिली. त्यानंतरच्या ६६६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत आजार थांबून राहण्याचा काळ पुन्हा वाढलेलाच दिसला. एकूण आयुष्य मात्र ठामपणे वाढल्याचं सिद्ध झालं नाही. गोळी घेतलेल्या हजारो बायकांसाठी तो काळ मोलाचाच आहे. पण ‘चाचणी यशस्वी’ असं वाचल्यावर नेमकं काय वाढलं हे विचारायची सवय यातून लागते.

जोडीची दुसरी बाजूही बघा. ट्रास्टुझुमॅब हे हर-टू पॉझिटिव्ह आजारातलं मोठं औषध. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते ‘लाल केमो’बरोबर, म्हणजे अँथ्रासायक्लिनच्या जोडीनं दिल्यावर २७ टक्के रुग्णांच्या हृदयाच्या कामावर परिणाम झाला. एकट्या त्या केमोवर हे प्रमाण ८ टक्के होतं. दोन्ही औषधं आपापल्या जागी चांगली, पण घाव दोघांचा हृदयावरच. तसंच रायबोसिक्लिबचं. टॅमॉक्सिफेनबरोबर दिल्यास ईसीजीमधला क्यूटी हा अवधी जास्त लांबतो, म्हणून ती जोडी टाळतात, आणि तेच रायबोसिक्लिब लेट्रोझोलबरोबर सर्रास दिलं जातं. म्हणून विचारायचं ते हे: ‘या दोन्ही औषधांचा त्रास एकाच अवयवावर होतो का? त्यासाठी तुम्ही काय आणि किती दिवसांनी तपासणार?’ उत्तर गोलमाल आलं तर प्रोटोकॉलमधलं (चाचणीच्या लेखी आराखड्यातलं) तपासण्यांचं वेळापत्रक बघायला मागा. संमतीपत्रातही ते असतं.

सुरुवातीचे आकडे चमकदार असले तरी ते टिकतातच असं नाही. अटेझोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध) आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल (केमो) यांची जोडी ट्रिपल निगेटिव्ह आजारात सुरुवातीला आशादायक दिसली. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढच्या चाचण्यांनंतर २०२१ मध्ये कंपनीनं ती तिथे मागे घेतली.

तुमचा नंबर कितव्या गटात

डोस चढवण्याची जुनी आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसणारी रीत तीन-तीनच्या गटांची आहे. पहिल्या तिघींना कमी डोस. कुणालाच ठरावीक मर्यादेपलीकडचा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघींना वरचा डोस. एकीला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघी. दोघींना झाला की वर जाणं थांबतं आणि खालचा डोस पक्का धरतात. हा त्रास मोजायचा काळ बहुधा पहिलं चक्र, म्हणजे २१ किंवा २८ दिवसांचा. २०२१ पासून एफडीएनं कंपन्यांना वेगळी दिशा दिली आहे: सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधण्यापेक्षा, पुरेसं काम करून कमी त्रास देणारा डोस शोधा. त्यामुळे काही नव्या ट्रायलमध्ये दोन डोसांत चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी होते.

तुम्हाला याचा उपयोग असा. पहिल्या गटात गेलात तर डोस कमी, त्रास कमी, पण औषध अपुरं पडण्याची शक्यता जास्त. वरच्या गटात याच्या उलट. ‘मी कितव्या गटात आहे, माझ्या आधीच्या गटात काय झालं, आणि पुढे मला डोस वाढवून मिळू शकतो का?’ हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आधीच्या रुग्णांची नावं कुणी सांगणार नाही, पण काय त्रास झाला ते सांगायला हवं.

किती आशा ठेवायची

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कार्यक्रमातल्या २००० ते २०१९ या काळातल्या फेज वन चाचण्यांचा मोठा आढावा २०२२ मध्ये आला. त्यात सगळ्या तऱ्हेचे घन गाठींचे कर्करोग आणि १३,८४७ रुग्ण होते. गाठी ठळकपणे लहान होण्याचं प्रमाण एकूण १२.२ टक्के, एकट्या औषधाच्या चाचण्यांत ३.५ टक्के आणि एकत्र औषधांच्या चाचण्यांत १५.८ टक्के. औषधामुळे मृत्यू ०.७ टक्के. शेवटच्या काही वर्षांत गाठी लहान होण्याचं एकूण प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत गेलं. हे आकडे फक्त स्तनकर्करोगाचे नाहीत आणि तुमच्या ट्रायलचे तर नाहीतच. पण ‘नवीन औषध म्हणजे हमखास गुण’ आणि ‘आमच्यावर प्रयोग करतात, मारून टाकतील’ ही दोन्ही टोकं यातून जाग्यावर येतात.

सही कुणाची

इथे आपल्या घरांची खरी अडचण असते. ‘आईला सांगू नका, तिला धक्का बसेल, सही मी करतो.’ मुलगा हे मायेपोटीच म्हणतो. पण ट्रायलमध्ये हे चालत नाही. सही तिची लागते आणि सहीआधी आजार पसरला आहे, हे औषध अजून तपासलं जातंय, हे तिला तिच्या भाषेत कळलेलं असावं लागतं. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण शेजारी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. नव्या रेणूच्या औषधाच्या चाचणीत रुग्ण असुरक्षित गटात मोडत असेल तर संमतीचं चित्रीकरणही होतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातल्यानंतर हा नियम आला. कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

बायका आपल्याला वाटतात त्यापेक्षा खंबीर असतात, हे मी रोज बघते. ‘मला माहीत होतं गं, पोरं बोलत नव्हती म्हणून मीही गप्प होते,’ हे वाक्य त्या खोलीत पुन्हा पुन्हा येतं. सांगायचं कसं हे जमत नसेल तर डॉक्टरांना सांगायला लावा आणि तुम्ही नुसते शेजारी बसा.

संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी न्या. त्याच दिवशी सही करायची घाई कुणी लावत असेल तर ‘दोन दिवसांनी येतो’ म्हणायचं. वाचताना पेन घेऊन या जागा शोधा:

- नवं औषध, जोडीचं औषध, स्कॅन, रक्ततपासण्या: यांतलं नेमकं काय फुकट? जोडीचं जुनं औषध कधी कधी आपल्यालाच घ्यावं लागतं.
- बायोप्सी किती वेळा, आणि त्यातली उपचारासाठी लागणारी किती, फक्त संशोधनासाठी किती?
- प्रवासखर्च मिळतो का, आणि सोबत येणाऱ्या माणसाचा?
- इजा झाली तर काय? २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार चाचणीदरम्यान झालेल्या इजेवर मोफत उपचार द्यावे लागतात. इजा चाचणीमुळे झाली असं ठरलं तर वेगळी भरपाई असते. ती वय आणि आजाराची अवस्था धरून सूत्रानं काढतात.
- एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर नजर ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर. हॉस्पिटलबद्दल तक्रार असेल तर फोन इथे लावायचा. या कमिटीत निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात.

सहीची एक प्रत तुमची. ती न घेता उठू नका. आणि मेडिक्लेम असेल तर कंपनीला लेखी विचारून ठेवा, कारण सिद्ध न झालेले उपचार बऱ्याच पॉलिसींतून वगळलेले असतात.

स्क्रीनिंग: सही झाली म्हणजे निवड झाली असं नाही

सहीनंतर तीन-चार आठवडे तपासण्यांचे. सीबीसी, लिव्हर, किडनी, साखर, ईसीजी, इको, सीटी, कधी नवी बायोप्सी. रुग्ण घरात स्वतःचं स्वतः करते ना, हेही गुणांवर मोजतात. फेज वनमध्ये बहुतेक ठिकाणी शून्य किंवा एक गुण लागतो. आधीची केमो थांबवून काही आठवडे कोरे जाऊ द्यावे लागतात. या काळात आजार वाढला तर काय, हे आधीच विचारा.

नापास होण्याची कारणं अनपेक्षित असतात. इनाव्होलिसिब, पाल्बोसिक्लिब आणि फुलव्हेस्ट्रंट या तिहेरी जोडीच्या ३२५ रुग्णांच्या चाचणीत प्रवेशासाठी उपाशीपोटी साखर १२६ च्या आत आणि एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६ टक्क्यांच्या खाली हवं होतं, कारण पहिलं औषधच साखर चढवतं. या जोडीनं आजार थांबण्याचा काळ ७.३ वरून १५ महिन्यांवर नेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवली. पण आपल्याकडच्या पन्नाशीच्या बायकांत किती जणी या अटीत बसतील, विचार करा. साखर असेल तर ती लपवू नका. पहिल्या पंधरा दिवसांत ती स्वतःच बोलते.

बाकीच्या गोळ्यांचंही तसंच. घरचा काढा, आयुर्वेदिक चूर्ण, ओळखीतल्या कुणी दिलेली पुडी: सगळं पिशवीत भरून आणा. टीबीचं रिफॅम्पिसिन अशा पुष्कळ गोळ्यांचा असर घालवतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि इट्राकोनॅझोल उलट रक्तातली पातळी चढवतात. ग्रेपफ्रूट आणि त्याचं भावंड असलेलं पपनसही बंद.

पहिला महिना

पहिल्या दिवशी आणि मग पंधराव्या दिवसाच्या आसपास ‘पीके’चा दिवस असतो. रक्तात औषध किती चढतं-उतरतं हे मोजायचा. त्या दिवशी गोळी घरून खाऊन येऊ नका. ती नर्ससमोर, घड्याळ बघून घ्यायची. आधी एक रक्त, मग अर्ध्या तासानं, एक, दोन, चार, सहा, आठ तासांनी, आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. हाताला एक सुई लावून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक वेळी टोचत नाहीत. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या तो हात पुढे करू नका. दुसऱ्या हाताच्या शिरा केमोनं गेल्या असतील तर आदल्या दिवशीच सांगा. सैल बाह्यांचा ब्लाउज, डबा, चार्जर, पांघरूण. दिवस लांब जातो.

या महिन्यात हॉस्पिटलपासून तास-दीड तासाच्या आत राहायची सोय करा. परळला येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून पत्र घेऊन लवकर नंबर लावा.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर आधी फोन, मग क्रोसिन. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप दाबून सकाळची वाट बघणं जिवावर बेतू शकतं. ट्रायलचं कार्ड पर्समध्ये ठेवा आणि गावातल्या डॉक्टरांनाही ते दाखवूनच औषध घ्या. गोळ्यांची वही रोजच्या रोज भरा. चुकलेली गोळी चुकली म्हणून लिहा, दुसऱ्या दिवशी दोन खाऊ नका. रिकामी पाकिटं परत आणायची असतात, कचऱ्यात टाकू नका. गंभीर त्रास झाला तर तो कळल्यापासून चोवीस तासांत ट्रायलच्या डॉक्टरांना वर कळवावं लागतं. त्यामुळे ‘एवढ्यासाठी कशाला फोन’ हा विचार सोडा.

पहिला स्कॅन, आणि बाहेर पडणं

साधारण आठ आठवड्यांनी पहिला स्कॅन. निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के किंवा जास्त घटली तर गुण आला म्हणतात, २० टक्के वाढली किंवा नवी गाठ दिसली तर आजार वाढला, आणि मधलं सगळं ‘स्थिर’. रिपोर्टमध्ये ‘स्थिर’ वाचून हिरमुसू नका. चौथ्या स्टेजला महिनोन्‌महिने स्थिर राहणं ही कमाई आहे. हाडांतला आजार या मोजमापात नीट बसत नाही, तेव्हा दुखणं कमी झालं का, हेही सांगा.

बाहेर कधीही पडता येतं, कारण न देता, आणि पुढच्या उपचारांवर त्याचा परिणाम व्हायला नको. फक्त गोळी आपल्या मनानं बंद करून गायब होऊ नका. काही औषधं थांबवल्यावरही रक्ततपासण्या लागतात. निघताना लेखी मागा: मिळालेली औषधं आणि डोस, शेवटची तारीख, झालेले त्रास, सगळ्या स्कॅनच्या सीडी, आणि उरलेला ब्लॉक. पुढच्या केमोआधी किती दिवस थांबायचं तेही त्याच कागदावर लिहून घ्या. दुखण्याच्या गोळ्यांसाठी आणि झोपेसाठी पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) विभागाची वेळ मात्र ट्रायल चालू असतानाच घेतलेली बरी. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये त्याला आडकाठी नसते. ट्रायलनंतरही दर दोन-तीन महिन्यांनी आमचा फोन येईल, ‘कशा आहात, कोणते उपचार चालू आहेत?’ त्याचं उत्तर द्यायचं की नाही, हेही तुमच्या संमतीवर असतं. संमतीपत्रात त्याची वेगळी चौकट असते, तिथली खूण नीट बघूनच करा.